विंचूदंशाच्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूसाठी सर्चिंग: प्रकल्प नोंदी, जून ते सप्टेंबर 2024

आधी थोडक्यात सांगते. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरचे झाडून सगळे लेख शोधून, गाळून, एकत्र मांडणं. मी कम्युनिटी मेडिसिनची पीजी, सोबत एक ज्युनियर, वर गाइड सर, आणि बजेट शून्य. प्रश्न असा की तांबडा विंचू चावल्यावर नुसतं प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) द्यायचं की सोबत विंचवाचं अँटिव्हेनमही (विषावरचं सीरम) द्यायचं. उत्तर काय आलं ते इथे नाहीये, इथे फक्त लेख कसे शोधले आणि कुठे कुठे आपटले तेवढंच आहे. सर्चिंगला मी चार दिवस धरले होते. नोंदींच्या तारखा बघा म्हणजे कळेल.

स्ट्रॅटेजीतले शब्द इथे देवनागरीत लिहिलेत, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

3 जून

पबमेड (वैद्यकीय लेखांचा मोफत डेटाबेस) उघडलं, 'स्कॉर्पियन स्टिंग ट्रीटमेंट प्राझोसिन' असं टाकलं, शंभरच्या आसपास लेख आले. खूश. सरांना मेसेज केला की झालं की सर, दोन दिवसात स्क्रीनिंग (शीर्षक-सारांश बघून लेख गाळणं) सुरू करू. सरांचा उलटा मेसेज: "ज्या लेखांशिवाय हा रिव्ह्यू होऊच शकत नाही अशा बारा लेखांची यादी आधी कर, मग तुझ्या सर्चमध्ये त्यातले किती आलेत ते सांग."

यादी केली. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं 1986 चं लॅन्सेटमधलं प्राझोसिनवरचं पत्र, त्यांचीच 2011 ची बीएमजेमधली ट्रायल (प्राझोसिन अधिक अँटिव्हेनम विरुद्ध नुसतं प्राझोसिन), लहान मुलांवरची तशीच ट्रायल जी 2014 मध्ये आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूडला आली, पश्चिम महाराष्ट्रातल्या ग्रामीण हॉस्पिटलचा 2006 चा जापीमधला (भारतीय फिजिशियन संघटनेचं जर्नल) लेख. बाहेरचे दोन मुद्दाम घेतले, ट्युनिशियाची 1999 ची लॅन्सेट ट्रायल (825 पेशंट, तिथे सीरमचा फायदा दिसला नव्हता) आणि अ‍ॅरिझोनातल्या मुलांवरची 2009 ची न्यू इंग्लंड जर्नलमधली छोटी ट्रायल. बाकीचे सहा जुन्या रिव्ह्यूंच्या संदर्भांतून उचलले.

माझ्या सर्चमध्ये बारापैकी पाच होते. ट्युनिशिया नाही, अ‍ॅरिझोना नाही, कारण त्यात प्राझोसिनचा संबंधच नाही आणि मी चारही शब्द एकत्र हवेत म्हणून सांगितलं होतं. वेळ: दोन तास. यादी करायला लागलेला अर्धा दिवस मात्र पुढे सगळ्यात उपयोगी पडला, तो वाया गेलेला धरू नका.

5 जून

आता नीट बसले. पिकोप्रमाणे (प्रश्नाचे पेशंट, उपचार, तुलना, परिणाम असे भाग पाडायची पद्धत) चार ब्लॉक केले: विंचू, औषध, परिणाम (पल्मनरी इडिमा, शॉक, मृत्यू), आणि देश म्हणजे इंडिया. चारही 'अँड'ने जोडले, म्हणजे चारही लेखात असायलाच हवेत. आपलं काम भारतातल्या विंचवावर, मग इंडिया टाकायलाच हवं असं डोक्यात.

बारापैकी सहा. म्हणजे दिवसभर बसून एक वाढला.

दुपारी एकेक हरवलेला लेख उघडून बघितला तेव्हा कारण कळलं. 1986 च्या पत्राला अ‍ॅब्स्ट्रॅक्टच नाही. जुन्या पत्रांना नसतातच. नुसतं शीर्षक आहे, त्यात स्कॉर्पियन आहे, प्राझोसिन आहे, पण इंडिया नाही आणि पल्मनरी इडिमाही नाही. मी शोधत होते टायटल-अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये, लेखकाचा पत्ता त्यात धरत नाहीत. लेख महाडहून आलाय हे तुम्हाला-मला माहीत, पबमेडच्या त्या रकान्याला नाही.

देशाचा ब्लॉक काढला, परिणामांचा ब्लॉक काढला. भारतातलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं ते स्क्रीनिंगला डोळ्यांनी बघू. आता दोनच ब्लॉक, विंचू आणि औषध. बारापैकी नऊ.

7 जून

हा दिवस नावांचा. उरलेले तीन का येत नाहीत ते शोधत होते आणि मग लक्षात आलं की या विषयात एकाही गोष्टीला एकच नाव नाहीये.

विंचू बघा. जुन्या लेखांत ब्यूथस टॅम्युलस, मग मेसोब्यूथस टॅम्युलस, आता हॉटेन्टोटा टॅम्युलस. विंचू तोच, फक्त शास्त्रज्ञ त्याला एका घराण्यातून दुसऱ्यात दत्तक देत राहिले. नुसतं 'टॅम्युलस' टाकलं की तिन्ही येतात.

विषावरचं औषध बघा. अँटिव्हेनम, अँटिव्हेनिन, अँटिव्हेनीन (हे जुनं ब्रिटिश स्पेलिंग, शेवटी 'ईएनई'), अँटिसीरम, सीरोथेरपी, आणि आपल्याकडच्या लेखांत 'अँटि-स्कॉर्पियन व्हेनम सीरम'. शेवटच्यात मोठी खोच आहे. काही जण मधली आडवी रेघ न देता 'अँटिस्कॉर्पियन' असं सलग लिहितात आणि 'स्कॉर्पियन*' मधली चांदणी (म्हणजे पुढे कुठलीही अक्षरं चालतील) शब्दाच्या सुरुवातीला चालत नाही. म्हणजे शब्दाच्या पोटात स्कॉर्पियन असूनही तो सापडत नाही. 'अँटिस्कॉर्पियन*' वेगळा टाकायचा. याने एक लेख मिळाला.

दंश बघा. स्टिंग, बाइट (हो, विंचू 'बाइट' करतो असं लिहिणारे डॉक्टर आहेत), एन्व्हेनोमेशन, एन्व्हेनोमिंग, पॉयझनिंग, स्कॉर्पियनिझम. हा ब्लॉक मी शेवटी ठेवलाच नाही, विंचू आणि औषध दोन्ही आलं म्हणजे पुरे.

मेशचं (पबमेडमधल्या लेखांना लावलेल्या ठरावीक विषय-हेडिंग्जचं) पण तेच. आता 'स्कॉर्पियन स्टिंग्ज' असं सरळ हेडिंग आहे, पण माझ्या यादीतले जुने लेख 'बाइट्स अँड स्टिंग्ज', 'स्कॉर्पियन्स', 'स्कॉर्पियन व्हेनम्स' अशा ठिकाणी विखुरलेले. हे येल मेश अ‍ॅनालायझर नावाच्या मोफत टूलने दिसलं. बारा लेखांचे पबमेड नंबर टाकायचे, कुठल्या लेखाला कुठली हेडिंग्ज लावलीत त्याचा तक्ता मिळतो. पहिल्याच दिवशी केलं असतं तर दोन दिवस वाचले असते.

आता उलटी बाजू. 'स्कॉर्पियन*' टाकलं की काय काय येतं ते एकदा बघाच. स्कॉर्पियन फिश, म्हणजे काटेरी मासा. स्कॉर्पियन प्रोब, ही पीसीआरची पद्धत, त्यामुळे फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या जीन टेस्टचे लेख. क्लोरोटॉक्सिन, विंचवाच्या विषातला पदार्थ जो मेंदूच्या ट्यूमरवर वापरून बघतात. आणि मी हुशारी करून औषधाच्या ब्लॉकमध्ये 'एएसव्ही' टाकलं होतं, कारण आपल्या वॉर्डात सगळे तेच म्हणतात. तर एएसव्ही म्हणजे सापाचं अँटिव्हेनम पण, झोपेतल्या श्वासाचं मशीन पण, आणि आतड्यातल्या जंतूंच्या सिक्वेन्सिंगमधलं कसलंसं व्हेरिएंट पण. काढून टाकलं.

ज्युनियर म्हणाला, "मॅडम, मासे 'नॉट' लावून उडवूया की." मी पण आधी हो म्हणाले. मग लक्षात आलं की एखाद्या लेखात विंचू आणि मासा दोन्ही असले (विषारी प्राण्यांवरच्या लेखांत असतातच) तर माशाबरोबर विंचूही जाईल. मासे राहू दे. डोळ्यांनी उडवायला एका माशाला तीन सेकंद लागतात.

बारापैकी बारा. रात्रीचे साडेअकरा.

8 जून

बारा आले म्हणून फार उडू नका. आज एकूण आकडा बघितला, तर हजारोंनी लेख. पहिल्या पानावर प्रोस्टेट, ब्लडप्रेशर, आणि पीटीएसडीमधली (मोठ्या धक्क्यानंतरचा मानसिक आजार) वाईट स्वप्नं. (प्राझोसिन त्यालाही देतात, मला माहीत नव्हतं.) विंचवाचा पत्ता नाही.

कंस. मी लिहिलं होतं: स्कॉर्पियन* ऑर टॅम्युलस अँड अँटिव्हेन* ऑर प्राझोसिन. पबमेड हे सरळ डावीकडून उजवीकडे वाचतं. आधी विंचू किंवा टॅम्युलस, त्यातले अँटिव्हेनमवाले, आणि शेवटी 'किंवा प्राझोसिन', म्हणजे जगातलं सगळं प्राझोसिन. कालचे बारापैकी बारा या गाळातूनच आलेले.

कंस घातले. दोन्ही ब्लॉकना वेगवेगळे, मग मध्ये अँड. आकडा हजाराच्या आत आला. यादीतले बाराच्या बारा टिकले, सुटले एकदाची.

ही चूक दाखवणारी जागा पबमेडमध्येच आहे, अ‍ॅडव्हान्स्ड पानावर हिस्टरीत 'डिटेल्स'चा बाण दाबला की त्याने तुमचं वाक्य कसं वाचलं ते पूर्ण दिसतं. कुठला शब्द त्याने स्वतःच्या मनाने मेशला जोडला तेही. अवतरणचिन्हं किंवा चांदणी वापरली की ते आपोआप जोडणं बंद होतं, म्हणून मेश वेगळं टाकायचं आणि साधे शब्द वेगळे.

11 जून

रडायचा दिवस. 8 तारखेला रात्री सगळं जमलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून झोपले. रविवारी कॅम्प, सोमवारी ओपीडी, आज उघडलं तर हिस्टरी रिकामी. आठ तास हात लावला नाही की पबमेडची हिस्टरी जाते. मी माय एनसीबीआयला (पबमेडचं वैयक्तिक खातं) लॉगिनच केलं नव्हतं, केलं असतं तर सहा महिने राहिली असती.

स्ट्रॅटेजी वहीत अर्धी, व्हॉट्सअ‍ॅपवर ज्युनियरला पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये अर्धी, आणि दोन्ही वेगळ्या. पुन्हा बांधायला पावणेदोन दिवस गेले. आता नियम केलाय: एक साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक रनला तारीख, डेटाबेसचं नाव, जशीच्या तशी ओळ, आकडा. नंतर प्रिस्मा-एस (सर्च कसा नोंदवायचा याची चेकलिस्ट) वाचलं तर त्यात नेमकं हेच मागितलेलं.

18 जून

आमच्या लायब्ररीतल्या ताईंना स्ट्रॅटेजी दाखवली. खरं सांगायचं तर सरांनी ढकललं म्हणून गेले, मनात होतं की लायब्ररीत मेडिकलचं काय कळणार. ताईंनी चष्मा वर केला, पाच मिनिटं बघितलं आणि विचारलं, "हा ह्यूमन्सचा फिल्टर कशाला लावलाय?"

मी म्हटलं, ताई, उंदीर-ससे नकोत म्हणून.

त्या म्हणाल्या, "तो फिल्टर ज्या लेखाला ह्यूमन्सचं मेश लागलंय तेवढेच ठेवतो. ज्याला अजून मेशच लागलेलं नाही तो माणसांवरचा असला तरी जाणार."

म्हणजे ताजे लेख आणि जी जर्नल्स पबमेडमध्ये आहेत पण मेडलाइनमध्ये (पबमेडमधला मेश लावलेला भाग) नाहीत ती, सगळी बाहेर. त्यांनी उलटं करून दिलं: अ‍ॅनिमल्सचं मेश आहे पण ह्यूमन्सचं नाही असेच फक्त वगळायचे. कॉक्रेनवाले (सिस्टिमॅटिक रिव्ह्यू करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) असंच करतात म्हणाल्या. फिल्टर काढून हे लावल्यावर साठेक लेख वाढले, त्यात दोन आपल्याकडच्या जिल्हा हॉस्पिटलमधले, जे शेवटी रिव्ह्यूत आले.

आरसीटीचा (कुणाला कुठला उपचार ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या ट्रायल्सचा) फिल्टरही काढायला लावला. या विषयात ट्रायल्स हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आणि जुन्या केस सिरीज आम्हाला हव्याच होत्या.

अंतराचा सर्च (दोन शब्द एकमेकांपासून चार-पाच शब्दांच्या आत) पबमेडला आता जमतो, पण त्यात चांदणी चालत नाही. 'स्कॉर्पियन'जवळ 'अँटिव्हेन*' असं टाकून मी अर्धा तास घालवला होता, ताई म्हणाल्या, सोड.

पुढच्या वेळी चहा घेऊन पहिल्याच दिवशी त्यांच्याकडे जाणार.

20 जून

प्रॉस्पेरोवर (रिव्ह्यूची आधीच नोंदणी करायची साइट) प्रोटोकॉल टाकला. मोफत आहे, फॉर्म लांबलचक. एक दुपार.

27 जून

एम्बेस, म्हणजे पबमेडसारखाच पण पैसे भरून वापरायचा डेटाबेस. आमच्याकडे सबस्क्रिप्शन नाही, वैयक्तिक घ्यायची ऐपत नाही. मुंबईतल्या एका संस्थेत मैत्रीण आहे, तिथल्या लायब्ररीत बाहेरच्यांना एक दिवस बसू देतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर तसं माझं: लॅपटॉप, चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड, डबा, आणि पहाटेची एसटी.

आदल्या रात्री पॉलिग्लॉट नावाच्या टूलने पबमेडची ओळ एम्बेसच्या भाषेत करून ठेवली होती. ते चिन्हं बदलून देतं, विषयाची हेडिंग्ज बदलून देत नाही. एम्बेसचं मेश म्हणजे एमट्री, ती हेडिंग्ज हाताने एकेक शोधायची. यात दीड तास गेला, दिवस सहा तासांचा.

पहिला रन: शून्य. दुसरा रन: शून्य. आख्ख्या जगात विंचू कुणाला चावलाच नाही. मैत्रिणीने खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, तुझी अवतरणचिन्हं वाकडी आहेत. मी ओळ वर्डमध्ये ठेवली होती, वर्डने सरळ अवतरणचिन्हांची गोल गोंडस चिन्हं केली होती आणि सर्चला ती अवतरणचिन्हं वाटतच नव्हती. तेव्हापासून वर्ड बंद, फक्त नोटपॅड.

1,204 लेख. एक्सपोर्ट केले, पळत सुटले, शेवटची थेट एसटी मिळाली. जाऊन-येऊन खर्च 670, वडापाव वेगळा.

29 जून

एम्बेसची फाइल झोटेरोत (संदर्भ साठवायचं सॉफ्टवेअर) उघडली. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नाहीत. एक्सपोर्ट करताना 'फक्त सायटेशन' निवडलं गेलं. हजार-बाराशे शीर्षकांवर स्क्रीनिंग होत नाही.

4 जुलै

पुन्हा मुंबई. पुन्हा 670. सर्च सेव्ह केला नव्हता म्हणून पुन्हा रन केला, आकडा 1,204 चाच आला, देवाची कृपा. या वेळी एक्सपोर्ट झाल्या झाल्या तिथेच बसून फाइल उघडून पहिले पाच आणि शेवटचे पाच लेख बघितले. मग उठले.

घरी आजीला सांगितलं की विंचवासाठी दोनदा मुंबईला गेले. ती म्हणाली, आमच्या वेळी विंचूच घरी यायचा.

8 जुलै

कॉक्रेनचं सेंट्रल. शोधायला पैसे लागत नाहीत. इथे फक्त ट्रायल्स असतात म्हणून ट्रायलचा फिल्टर लावायचा नाही, तेवढं लक्षात ठेवा. 121. बहुतेक पबमेड-एम्बेसमधलेच, कारण सेंट्रल त्यातूनच भरतं, पण रजिस्ट्रीतल्या (जिथे ट्रायल्सची नोंदणी करतात) काही नोंदी नव्या. पाऊण तासात संपलं, या प्रकल्पातलं एकमेव काम जे ठरल्या वेळेत झालं.

11 ते 16 जुलै

डब्ल्यूएचओचं ग्लोबल इंडेक्स मेडिकस. मोफत. यात दक्षिण-पूर्व आशियाचा इमसियर आहे, पूर्व भूमध्यचा आहे (इराण, इजिप्त, ट्युनिशिया, म्हणजे विंचवांचं माहेर) आणि लॅटिन अमेरिकेचा लिलाक्स. विंचवासारख्या विषयाला हे टाळून चालत नाही. ज्यांच्याकडे विंचू आहेत त्यांची जर्नल्स लंडन-न्यूयॉर्कच्या यादीत असतीलच असं नाही.

पहिल्यांदा इंग्रजी शब्दांनी शोधलं. लिलाक्समधून फारच थोडे. ब्राझील आणि मेक्सिकोत विंचूदंश हा रोजचा प्रश्न, मग एवढे कमी कसे? मग स्पॅनिश-पोर्तुगीज शब्द गोळा केले: एस्कॉर्पियोनिस्मो, पिकादुरा दे एस्कॉर्पियोन, आणि मेक्सिकोत विंचवाला अलाक्रान म्हणतात हे कळल्यावर अलाक्रानिस्मो. फ्रेंचमध्ये एन्व्हेनिमासियों स्कॉर्पियोनिक, ते मोरोक्को-अल्जीरियासाठी. एकूण 412.

भाषांचं काय करायचं यावर ज्युनियरशी वाद झाला. त्याचं म्हणणं, आपल्याला स्पॅनिश येत नाही तर इंग्रजीचा फिल्टर लावून टाकू. माझं म्हणणं, शोधताना भाषा गाळायची नाही, वाचताना बघू. सर माझ्या बाजूने, पण "मग भाषांतर तू करणार" या अटीवर. मशीन ट्रान्सलेशनवर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट तरी कळतं, पूर्ण लेखासाठी दोन ठिकाणी माणूस शोधावा लागला.

19 जुलै

रजिस्ट्र्या. भारताचं सीटीआरआय, डब्ल्यूएचओचं आयसीटीआरपी, आणि अमेरिकेचं क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह. सीटीआरआय 2007 मध्ये सुरू झालं आणि नोंदणी सक्तीची झाली 15 जून 2009 पासून, म्हणजे त्याआधीची ट्रायल तिथे नाही म्हणून ती झालीच नाही असं समजू नका. मी सीटीआरआयच्या नोंदी एकेक करून हाताने एक्सेलमध्ये उतरवल्या. तिन्ही मिळून 37. काही वर्षांपूर्वी नोंदलेल्या पण कुठे छापून न आलेल्या ट्रायल्स दिसल्या, त्यांच्या प्रमुखांना ईमेल केले. एकाचं उत्तर आलं.

22 जुलै

गूगल स्कॉलर. शोधाची ओळ 256 अक्षरांपुढे जात नाही, तेव्हा माझी ओळ कापून कापून तीनच शब्दांवर आणली. आकडा कितीही मोठा दाखवला तरी पहिल्या हजारापलीकडे बघता येत नाही. आम्ही पहिले 300 घ्यायचं आधीच ठरवून प्रोटोकॉलमध्ये लिहिलं होतं. पब्लिश ऑर पेरिश या मोफत सॉफ्टवेअरने ते एकत्र उतरवता येतात, नाहीतर एकेक क्लिक. यातून थिसिस मिळाले, ते दुसरीकडे कुठेच नव्हते.

24 जुलै

आतापर्यंत: पबमेड 968, एम्बेस 1,204, सेंट्रल 121, ग्लोबल इंडेक्स 412, रजिस्ट्र्या 37, स्कॉलर 300. एकूण 3,042. आता दुबार काढायचे.

एक ऑटोमॅटिक टूल वापरलं, शीर्षक जुळलं की एकत्र करणारं. दहा मिनिटांत 1,647 उरले. ज्युनियरने पार्टी मागितली.

26 जुलै

पार्टी रद्द. जुन्या बारा लेखांची यादी पुन्हा लावून बघितली (ही सवय 8 जूनची) तर अकराच. एक गायब. शोधत गेले तर कारण असं की नुसतं 'स्कॉर्पियन स्टिंग' एवढंच शीर्षक असलेले लेख भरपूर आहेत. वेगळे लेखक, वेगळी जर्नल्स, वेगळी वर्षं, शीर्षक एकच. टूलने सगळ्यांचा एक लेख केला होता. शिवाय लेख आणि त्यावर आलेलं पत्र, दोघांचं शीर्षक सारखं, तेही एकात एक.

मूळ फाइली तशाच ठेवल्या होत्या म्हणून वाचलो. पुन्हा पहिल्यापासून, या वेळी शीर्षक अधिक वर्ष अधिक पान नंबर, आणि शंका असेल तिथे हाताने. उलटा त्रासही होता, बीएमजेला पान नंबर 'सी7136' असा असतो, एका डेटाबेसमध्ये तसा आणि दुसऱ्यात रिकामा, मग एकच लेख दोनदा राहतो. तीन दिवस लागले. उरले 1,688. म्हणजे टूलने 41 वेगळे लेख गिळले होते.

2 ऑगस्ट

रायनवर (स्क्रीनिंगचं ऑनलाइन टूल) लेख टाकले, मी आणि ज्युनियर वेगवेगळे, एकमेकांचं न बघता स्क्रीनिंग. पहिले पन्नास दोघांनी केले आणि बघितलं तर तेरा ठिकाणी मतभेद. भांडण एकाच गोष्टीवरून होतं, केस रिपोर्ट किती पेशंटपर्यंत बाद. ते लिहून ठेवलंच नव्हतं. लिहिलं, पुन्हा सुरू.

12 ऑगस्ट

पूर्ण लेख मिळवणं. एका परदेशी जर्नलने एका जुन्या लेखाचे 35 डॉलर मागितले. लेखकाला ईमेल केला, दुसऱ्या दिवशी पीडीएफ आलं, सोबत "हा लेख कुणी वाचतंय याचा आनंद झाला" असं. आधी ईमेल करा, मग पाकीट काढा.

1980-90 च्या दशकातली आपल्याकडची काही जर्नल्स ऑनलाइन अर्धवट. लायब्ररीच्या तळघरात बांधीव खंड आहेत, ताईंनी किल्ली दिली. दोन दुपार, धूळ, शिंका, झेरॉक्सचे 140 रुपये. पण तिथे निवडलेल्या लेखांच्या मागच्या संदर्भयाद्या चाळताना चार लेख मिळाले जे एकाही डेटाबेसच्या सर्चमध्ये नव्हते. त्यातल्या एकाच्या शीर्षकात विंचूच नाही, 'ऑटोनॉमिक स्टॉर्म' (विषाने मज्जासंस्थेत उठणारं वादळ) एवढंच आहे. अशा लेखासाठी कुठलीही चांदणी कामाची नाही.

19 ऑगस्ट

प्रिस्माचा फ्लो डायग्राम (किती लेख आले, किती गाळले याची आकृती) काढायला बसले आणि बेरीज जमेना. 3,042 वजा दुबार 1,354, बरोबर 1,688, इथपर्यंत ठीक. पुढे रायनमध्ये 1,685. तीन लेख कुठे गेले? संध्याकाळी सापडले: रजिस्ट्रीच्या तीन नोंदींना शीर्षकाच्या रकान्यात मी चुकून नुसता नंबर टाकला होता, त्या आयात झाल्याच नाहीत. तीन लेखांसाठी चार तास.

आतापर्यंतचा रोख खर्च 1,340 प्रवास, 140 झेरॉक्स, 60 रुपयांचा पेनड्राइव्हचा दोरा (हरवू नये म्हणून, ज्युनियरची आयडिया). वेळ मोजला नाही, मोजायची हिंमत नाही.

23 सप्टेंबर

एक्स्ट्रॅक्शन (निवडलेल्या लेखांतली माहिती उतरवून घेणं) संपत आलंय, जर्नलला पाठवण्याआधी सर्च ताजा करायला हवा असं सर म्हणाले. जूनमध्ये याच कामाला आठवडा गेला होता, आज टेक्स्ट फाइलमधून ओळी उचलल्या, पबमेडला तारखेची मर्यादा लावली, चिकटवल्या, एंटर. वीस मिनिटं. एम्बेससाठी मैत्रिणीला फाइल पाठवली, तिने तिथून चालवून अ‍ॅब्स्ट्रॅक्टसकट पाठवलं. (मी फोनवर तिला तीनदा विचारलं, अ‍ॅब्स्ट्रॅक्टसकट ना? ती वैतागली.)

दुबार काढून नवे 11 उरले. ज्युनियरने लगेच वाचायला घेतले. नऊ सरळ बाद, एक पूर्ण वाचायला ठेवलाय, आणि एक मासा.